चुकीची धार

आलेंतेजुत मे उलटला
की बुचाच्या ओकांची साल सुटते.
सुटते म्हणजे झाडच सोडतं तिला, थोडे आठवडे;
तेवढ्यात गेलात तर कुऱ्हाडीला वाट मिळते,
नाही तर झाड पुन्हा मिटून घेतं.

बाल्ताझार या वर्षी जाणार नव्हता.
विचारलं असतं कुणी, तर गुडघा म्हणाला असता.
पण एका झाडाला दोन माणसं लागतात,
एक या अंगाला, एक त्या,
आणि एकतीस वर्षं त्या अंगाला एवारिस्तु होता,
बायकोचा भाऊ,
कामात शीळ घालणारा, तीही बेसूर.
जानेवारीत गेला, दोन दिवसांच्या तापाने.

लक्झेंबर्गहून मुलगी दर रविवारी फोन करायची:
बाबा, रोज एक छोटंसं ध्येय ठेवा.
तो म्हणायचा, हो.
पुढच्या रविवारी म्हणायचा, ठेवलंय.
ध्येय म्हणजे अंगणातली खुर्ची.
सावली सरकेल तशी सरकवायची,
संध्याकाळी भिंतीशी नेऊन टेकवायची.
झालं.

देओलिंदा काही बोलली नाही.
सूप वाढायची, पाव मोडून बाजूला ठेवायची,
गुडघ्याला तेल चोळायची.
भाऊ तिचा गेला होता,
आणि घरातली दुःखाची एकुलती एक खुर्ची
याने अडवून धरली होती.
हे त्याला कळायचं होतं अजून.

जूनच्या सातला पहाटे
परसातून आवाज आला, खर्र, खर्र,
दातांत खडा यावा तसा.
तो उठला. गुडघ्याला न विचारताच उठला.
देओलिंदा पायरीवर बसलेली,
मांडीवर कुऱ्हाड, हातात स्वयंपाकघरातला दगड.

"अगं ए! कुऱ्हाड आहे ती, कांद्याची सुरी नव्हे!"
कोंबड्या पांगल्या.
पाच महिन्यांत तो एवढा मोठ्याने बोलला नव्हता,
त्याचं त्यालाच नवल वाटलं.
हिसकावून घेतली त्याने,
पातं पार लाटांसारखं करून ठेवलेलं,
अशा धारेने झाडाचं आतलं कातडं फाटतं,
फाटलं की ती जखम जन्मभर,
असं बरंच काही तो बोलत राहिला
आणि मध्येच थांबला.
दांड्यावर निळी चिकटपट्टी होती.
ही त्याची कुऱ्हाड नव्हती.

"कुणाला देणार आहेस ही?"
"कुणाला नाही. मीच जाणार होते.
मागची अकरा झाडं आपली आहेत.
त्या अंगाला कुणीतरी हवंच ना."

दुपारपर्यंत तो धार दुरुस्त करत बसला,
ओल्या दगडावर, गोल गोल, घाई न करता.
ती समोर बसून बघत होती.
कॉफी दोघांनी विसरली.

दुसऱ्या दिवशी पहिलं झाड.
खोडावर पांढरा सहा, नऊ वर्षांपूर्वीचा,
एवारिस्तुच्या हातचा, शेपटीत वळलेला.
"उभा घाव घाल. आता मनगट फिरव. ऐक."
तिने ऐकलं.
पोकळ वाजलं तर साल तयार असते.
वाजलं.
मग दांड्याचं पाचरीसारखं टोक आत,
आणि झाडाने हुश्श केल्यासारखा आवाज,
आणि आख्खं फळकूट तिच्या अंगावर, वाकडंतिकडं,
आणि खाली ओलं, पिवळसर लाल खोड,
नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखं.

"इथे तो शीळ घालायचा," बाल्ताझार म्हणाला.
"लहानपणीही. आई चमचा फेकून मारायची."
"लागायचा?"
"मलाच लागायचा."
मग ती बराच वेळ खोडाकडे तोंड करून उभी राहिली.
तो त्या अंगाला गेला
आणि या वेळी काही शिकवलं नाही.

संध्याकाळपर्यंत तीनच झाडं.
एवारिस्तु असता तर अकराही संपली असती.
रंगाचा डबा तिने उघडला,
खोडावर पाच काढला, सालाचा शेवटचा आकडा.
"म्हणजे आता नऊ वर्षांनी," ती म्हणाली.
त्याने बोटांवर मोजलं.
तो सदुसष्ट, ती... ती किती?
विचारावं लागलं.
एकाच घरात चौतीस वर्षं, आणि विचारावं लागलं.
"बासष्ट."
"बघू, गुडघा काय म्हणतो."

पाचाचं पोट जरा फुगलं होतं, रंग ओघळला होता.
ती पुसायला निघाली.
राहू दे, म्हणाला.